दोन बोटं बुटकी स्टेडी

पार्सल आलं तेव्हा आमच्या ह्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्याच आठवड्यात जबलपूरच्या नेपियर टाउनच्या वळणावर पुढची ऑटो अचानक थांबली, ह्यांची स्कूटर घसरली आणि मनगट मोडलं. बाकी कुठे खरचटलंसुद्धा नाही. मी तेवढ्यावर समाधान मानलं. ह्यांना मात्र ते जमेना. दिवसभर खुर्चीत बसून प्लास्टरकडे असे बघायचे, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि चुकून आपल्या घरी राहून गेलंय.

खोकं मीच फोडलं. आतून हिरव्या रंगाची एक लोखंडी चौकट निघाली. गोल कडीसारखी, वरचा अर्धा भाग बिजागरीवर उघडणारा, आणि कडीच्या आत तीन बाजूंनी डोकावणारी तीन पितळी बोटं. तिला स्टेडी म्हणतात, हे मला ऐकून माहीत होतं. लेथवर लांब दांडा फिरत असला की त्याचं मोकळं टोक थरथरतं. ही कडी लेथवर बसवायची, तिन्ही बोटं दांड्याला हलकी टेकवायची, म्हणजे दांडा जागच्या जागी फिरतो. तिचं काम एवढंच.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी घमापुरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक जुना लेथ आणून बसवला होता. बंद पडलेल्या एका वर्कशॉपचा. लेथबरोबरची मूळ स्टेडी कधीच हरवलेली होती, आणि तसली आता कुणी बनवत नाही. म्हणून पडायच्या आधी ह्यांनी फोनवर शोधून शोधून ही स्वस्तातली मागवली होती. कारण बरगी धरणावरच्या एका नाववाल्याला त्यांनी शब्द दिला होता.

हा नाववाला धरणात मासे पकडतो. त्याच्या नावेला छोटं इंजिन आहे, आणि इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी शाफ्ट झिजून गेला होता. नवा स्टीलचा दांडा त्याने पंख्याबरोबर आमच्याकडे आणून ठेवला होता, माझ्या कमरेच्या वर येईल एवढा लांब. त्याच्या एका टोकाला पंखा बसेल असा निमुळता उतार द्यायचा आणि पुढे नटासाठी आटे पाडायचे. मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी एकच नग म्हणून त्याला टोलवलं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ती उघडायच्या आत त्याला शाफ्ट हवा होता.

ह्यांनी डाव्या हाताने स्टेडी उचलली, लेथवर ठेवली आणि लगेच खाली काढली.

"परत पाठव," म्हणाले.

"काहून?"

"बसत नाही. उंचीला दोन बोटं बुटकी आहे ही. दांडा वर फिरेल अन् ही खाली राहील. अन् खालून सपाट आहे, पाह्य."

मी पाहिलं. आमच्या लेथच्या लांब पाठीवर एका बाजूला छपराच्या आढ्यासारखा उंचवटा आहे, पूर्ण लांबी धावणारा. त्याच्यावर ही सपाट तळाची स्टेडी ठेवली की ती डोलायची, पाय कमीजास्त असलेल्या टेबलासारखी.

"बसवता येत नाही का?"

"येते. खाली ठोकळा द्यायचा, ठोकळ्याला आढ्यासारखी खाच पाडायची. पण कोण बसवून राहिलं? हा हात पाहून राहिली ना तू?"

"माझे दोन आहेत," मी म्हटलं.

ते हसले. मी पण हसले. मी आयुष्यभर हिंदी शाळेत गणित शिकवलं. त्या खोलीत मी चहा द्यायला जायची आणि दिवाळीच्या आधी जाळी काढायला. लेथचं बटण कोणतं, तेही मला नीट माहीत नव्हतं. पण मला निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि सकाळी नऊनंतर घरात काय करायचं हे मला अजून कळलेलं नव्हतं. शिवाय खुर्चीत बसलेल्या ह्यांचा तो चेहरा मला बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांचा कारखान्यातला जुना खाकी शर्ट घातला, बाह्या वर दुमडल्या, केसांचा घट्ट अंबाडा घातला आणि खोलीत जाऊन उभी राहिले. हे दारात आले. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "बांगड्या काढ. अन् ती चेन पण."

तिथून काम सुरू झालं.

पार्सलच्या खोक्याचाच पुठ्ठा घेऊन मी त्या आढ्याचा आकार कापला. दोन्ही उतार नीट टेकेपर्यंत कात्रीने जरा जरा छाटत गेले. कोन काढणं माझं रोजचं काम होतं, ते मला सोपं गेलं. ह्यांनी पुठ्ठा लेथवर ठेवून वाकून फट पाहिली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर होतं. मग आम्ही दोघं ऑटोने भंगार बाजारात गेलो. तिथे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाड ठोकळा मिळाला. जवळच धातू तासणारा एक शेपर मशीनवाला होता, त्याच्याकडे पुठ्ठा दिला. त्याने ठोकळ्याच्या खालून ढोबळ खाच पाडून दिली आणि म्हणाला, "बाकी फाइल से बिठाना पड़ेगा, बाबूजी. किससे करवाओगे?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याला ती गंमत वाटली.

गंमत मला पण वाटत होती, कानस हातात घेईपर्यंत.

कानस घासायला सोपी दिसते. पण ती पुढे ढकलताना हात झोक्यासारखा वरखाली होतो आणि सपाट जागेचा फुगवटा होतो. मला ते दिसतही नव्हतं. ह्यांना दुरून दिसायचं. "झोक देऊन राहिली." "कोपर वर घे." "कणीक मळून राहिली का?" "अगं, पुन्हा तेच!" सकाळपासून दुपारपर्यंत हेच. हा माणूस घरात एरवी आवाज चढवत नाही. त्या खोलीत मात्र तो माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कानस बाकावर ठेवली.

"मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं," मी म्हटलं, "ढ पोरांना पण शिकवलं. एकालाही असं बोलली नाही मी."

आणि मी आत येऊन भाजी चिरत बसले.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरात काहीतरी सांडल्याचा आवाज आला. हे डाव्या हाताने चहा गाळत होते. अर्धा ओट्यावर गेला होता. उरलेला त्यांनी दोन कपांत वाटून आणला आणि समोर बसले.

"मले शिकवता येत नाही," म्हणाले. "कारखान्यात नवीन माणूस आला की तो बाजूला उभा राहून पाहायचा. पाहून पाहून शिकायचा. तोंडानं मी कोणाले कधी सांगितलंच नाही."

"मग मी पण पाहून शिकते. तुम्ही करून दाखवा."

"कोणत्या हातानं?"

"डाव्या."

आम्ही परत खोलीत गेलो. ह्यांनी कानस डाव्या हातात धरली, प्लास्टरच्या हाताने टोकाला आधार दिला आणि घासायला लागले. दोनचार वेळा घासलं आणि थांबले. वाकून पाहिलं. त्यांच्या हातून माझ्यापेक्षा मोठा फुगवटा झाला होता.

"झोक देऊन राहिले," मी म्हटलं.

किती दिवसांनी ते असे मोठ्याने हसले. हसता हसता खाली बसले, प्लास्टर सांभाळत. त्यानंतर त्यांचं ओरडणं थांबलं. मी घासायची, ते बाजूला स्टुलावर बसून सांगायचे, कधी उठून माझं कोपर हलकेच दाबायचे. माझ्या हातातला झोका कधी गेला ते मला कळलं नाही. एका दुपारी फक्त आवाज बदलला. आधी कानस खरडायची, आता ती एकसारखी सरकत होती.

खाच कुठे टेकते आणि कुठे नाही हे बघायला कारखान्यात एक निळा रंग असतो. लेथच्या आढ्यावर तो पुसटसा लावायचा, ठोकळा वर ठेवून सरकवायचा, मग जिथे टेकतो तिथे डाग उमटतो. डाग उमटला तेवढंच खरवडायचं. तो रंग आमच्याकडे सुकून दगड झाला होता. मी कपाटातून भाचीच्या लग्नात घेतलेली लिपस्टिक काढली. फार गडद होती, एकदाच लावली होती. बोटाने ती आढ्यावर पातळ चोळली. ठोकळा सरकवून उलटा केला तर करड्या बिडावर लाल ठिपके स्पष्ट उठून दिसत होते.

"वा!" हे म्हणाले. "त्या निळ्यापेक्षा चांगलं दिसते हे."

लेकीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला, तेव्हा माझी बोटं लाल, शर्ट काळा आणि कपाळावर बिडाचा चुरा होता. ती मराठी समजते सगळं, पण बोलते हिंदीत. "मम्मी, ये आप क्या कर रही हो? पापा कहाँ हैं?" मी फोन फिरवून तिला ठोकळा दाखवला. तिला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. मला दिसत होतं. पहिल्या दिवशी दोनच टोकांना ठिपके होते, आता ते सगळीकडे पसरले होते, पावसाच्या थेंबांसारखे.

ठोकळा बसला. त्याच्यावर स्टेडी बोल्टने आवळली, खालून एक पट्टी देऊन लेथला पकडली. आता ती डोलत नव्हती आणि उंचीलाही बरोबर आली. पण वरचा अर्धा भाग बिजागरीत लटलट हलायचा. स्वस्तातल्या मालाची ती खोड. भोक मोठं, पिन बारीक.

"नवी पिन पाहिजे," हे म्हणाले. "जाडी बरोबर भोकाएवढी. ती लेथवरच करावी लागेल."

म्हणजे मी. ते बटण मी दोनदा विचारून मग दाबलं. बारीक दांडा पकडलेला चक घरघरत फिरायला लागला. ह्यांच्या सांगण्याप्रमाणे मी चाक जरा जरा फिरवत कापायचं टूल दांड्याला लावलं. किसणीवर खोबरं किसावं तसा आवाज आला, आणि धातूचा एक बारीक, चमकदार, गरम कीस वळून वळून खाली पडला. ते बघण्याच्या नादात मी जास्त कापलं. पहिली पिन वाया गेली. दुसरीच्या वेळी मी दर वेळी थोडंसंच घेत गेले आणि पुन्हा पुन्हा मोजत गेले. मायक्रोमीटर कसा धरायचा ते ह्यांनी मला सांगितलं. "आवळताना हळू. टेकल्याबरोबर बोटाले कळते." मला खरंच कळायचं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही एकदा पाहून घ्या. ते म्हणाले, तूच पाह्य. मला वाटलं, शिकवण्याची ही नवी रीत असेल.

पिन बसली. वरचा भाग हलायचा थांबला. नाववाला त्याच सुमारास चौकशीला आला. मला खाकी शर्टात बघून तो दारातच थबकला.

"भैया, हाथ तो आपका प्लास्टर में है," तो म्हणाला. "शाफ्ट भाभी जी करेंगी?"

"भाभी जी ही करेंगी," हे म्हणाले.

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "अच्छा. हमारे यहाँ भी जाल तो घरवाली ही बुनती है." आणि चहा घेऊन गेला.

त्यानंतर लवकरच प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, त्वचा पांढुरकी. डॉक्टरांनी बोटं हलवायचे व्यायाम सांगितले. मी त्या दिवशी घरी आल्यावर तो खाकी शर्ट धुऊन, इस्त्री करून ह्यांच्या खुर्चीवर ठेवला. शाफ्ट आता ते स्वतः करतील, हे मी धरूनच चालले होते. थोडं वाईट वाटत होतं, खरं सांगायचं तर.

सकाळी शर्ट तसाच होता. हे खोलीत स्टुलावर बसले होते, रोजच्याच जागी.

"तूच कर," म्हणाले.

"हात बरा झाला ना आता?"

"मनगट झालं." ते थांबले. "बोटाईचं तसं नाही."

मी दुसरं स्टूल ओढून बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, तळवे वर करून.

"वर्ष होऊन गेलं असेल," म्हणाले. "शेंड्याले काही कळत नाही. हातमोजे घातल्यासारखं वाटते. मायक्रोमीटर आवळतो, तर टेकला की नाही टेकला, समजतच नाही. दोन कामं बिघडवली मी, गुपचूप पुन्हा करून दिली. साखरेनं होते असं, माहीत आहे मले."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हटलं असतं, आता त्या खोलीत जाऊ नका."

म्हटलं असतंच मी. मग मला एकेक आठवायला लागलं. वर्षभर हे बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालत होते. मला वाटायचं, निवृत्तीनंतरचा थाट. मेथी निवडायला बसायचे ते बसेनासे झाले, मला वाटलं आळस. एकाच घरात, एकाच ताटलीतून शेंगदाणे खाऊन मला ते दिसलं नव्हतं. राग आला नाही. फक्त त्यांचे हात माझ्या हातात घेतले आणि एकेका बोटाचं टोक दाबून विचारत गेले, "हे कळते?" "नाही." "हे?" "थोडं." अंगठ्यांना बरंच कळत होतं. तळव्यांना पूर्ण.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या बदलल्या, साखर ताब्यात ठेवा म्हणाले, गरम भांड्यांपासून जपा म्हणाले. गेलेली जाणीव कदाचित परत येईल, कदाचित येणार नाही, आणखी जाणार नाही एवढं बघू. सरळ सांगितलं ते बरं झालं. बाहेर पडल्यावर ह्यांनी रस्त्यावरच्या गाड्यावर बिनसाखरेचा चहा मागितला, आणि मला वाटलं, ह्या माणसाच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं आहे.

मग शाफ्ट. अर्धा दांडा लेथच्या पोटातून मागे गेला, अर्धा पुढे राहिला, आणि त्याच्या टोकाजवळ आमची स्टेडी उभी केली. तिन्ही बोटं मी एकेक करून टेकवली, तेल सोडलं आणि बटण दाबलं. दांडा फिरायला लागला तसा एक कण्हल्यासारखा आवाज उठला आणि टूल लावल्यावर त्याची किंचाळी झाली. कापलेल्या जागी माशाच्या खवल्यांसारख्या खुणा उठल्या.

"थांब, थांब." हे स्टुलावरून उठले नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. "वरचं बोट जास्त आवळलं तू. दांडा खाली दाबला जाऊन राहिला. ते सैल कर, मग एवढंच आवळ की हातानं दांडा फिरला पाहिजे."

मशीन बंद करून मी वरचं बोट सैल केलं, दांडा हाताने फिरवत पुन्हा टेकवलं, आणखी तेल दिलं. या वेळी आवाज आला तो नुसता तेलात तळल्यासारखा, बारीक आणि एकसारखा. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. टोक सपाट झालं, मधोमध छोटं भोक पडलं, त्या भोकात लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकचा अणकुचीदार आधार दिला आणि उतार कापायला घेतला. ह्यांनी कोन सांगितला, मी लावला. पहिल्यांदा पंखा किंचित डुगडुगला. कोन केसभर बदलला, मग तो असा बसला की काढायला लाकडी हातोडी घ्यावी लागली. आटे पाडायला त्यांनी मला डाय वापरायला लावली, हाताने, अर्धा फेरा पुढे आणि थोडा मागे. संध्याकाळपर्यंत माझे खांदे भरून आले होते. नट शेवटपर्यंत सरळ चढला.

नाववाल्याने शाफ्ट नेला, आणि काही दिवसांनी फोन करून आम्हाला बरगीला बोलावलं. त्याच्या बायकोने आग्रह केला होता म्हणे. इतकी वर्षं जबलपुरात राहून मी धरण लांबूनच पाहिलं होतं. पाणी त्या दिवशी हिरवट आणि शांत होतं, पलीकडचे डोंगर धुवून काढल्यासारखे. आम्हाला नावेत बसवून त्याने इंजिन सुरू केलं. मी पाठीमागच्या फळीकडे बघत राहिले, जिथून शाफ्ट पाण्यात जात होता. आपण केलेली वस्तू आपल्या पाठीशी फिरते आहे आणि तिच्यामुळे आपण पुढे जातो आहोत, हे मला नवीन होतं, आणि थोडी भीतीही वाटत होती.

हे सरकत सरकत मागे गेले. हाताने चाचपलं नाही त्यांनी. थरथर अजमावायला कोपर त्या फळीवर टेकवलं आणि बराच वेळ तसेच बसले.

"कैसा है, भैया?" नाववाल्याने विचारलं.

"शांत आहे," हे मराठीतच म्हणाले. नाववाल्याला कळलं. त्याने इंजिन वाढवलं आणि नाव मोठ्या पाण्याकडे वळवली.

येताना त्याच्या बायकोने दोन रोहू मासे पिशवीत घालून दिले. बसमध्ये हे खिडकीशी बसून झोपले. घरी आल्यावर मासे मी साफ केले, कारण सुरी मी आता त्यांच्या हातात देत नाही. ते ओट्यापाशी उभे राहिले, लसणाचा एक गड्डा घेतला आणि अंगठ्याच्या नखाने एकेक पाकळी सोलायला लागले. खूप वेळ लागला. मी घाई केली नाही. फोडणीपुरत्या पाकळ्या झाल्या तेव्हा त्यांनी त्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाले, "तेल तापलं का पाह्य."